पायाळूची कंबर

"पायारूचीच कंबर गेली. आता आपल्या कमरा कोन पाहील?"

घरापुढच्या छपरीत कोणीतरी हे म्हटलं आणि तिथे बसलेल्या चार-पाच बायका हसल्या. मी भिंतीच्या अलीकडे पलंगावर कुशीवर पडले होते. मध्ये फक्त जाळीची खिडकी. नागपूरहून कमरेचं ऑपरेशन करून घरी येऊन तिसराच दिवस होता. आई चहा टाकायला आत गेली होती आणि बायकांचा समज होता की मला झोप लागली आहे.

बोलल्या त्या शेजारच्या काकू. रोवणीच्या दिवसांत त्या धान लावायला पंधरा बायकांची टोळी घेऊन चिखलात उतरतात आणि शेतातल्या बांधीच्या या टोकाहून त्या टोकाला बोलतात. पुढे घरात बसूनही त्यांचा आवाज तेवढाच राहतो.

"हसून काय राहिल्या?" काकू म्हणाल्या. "सहा हप्ते पाय लावायचा नाई म्हनते डाक्टर. रोवना सरून जाईल तवरी. माजी चमक तर कंबरेतून निघते अन् मांडीच्या मागून पार अंगठ्यावरी जाते. पन मी थांबीन, बापा. सहा हप्ते झाले का पहिली लाथ माजी. कोनी मधात घुसायचं नाई."

कंबरेतून निघून मांडीच्या मागून अंगठ्यापर्यंत. हा रस्ता मला पाठ होता. माझंही दुखणं दोन वर्षं ह्याच रस्त्यानं खाली उतरत होतं. ही चमक नाही, नस दबते आहे, हे सांगायला खिडकीतून एक हाक पुरली असती. मी डोळे मिटून घेतले. न जाणो, कोणी आत डोकावलं तर झोपलेली दिसले पाहिजे.

मी पायाळू आहे. जन्मताना माझे पाय आधी बाहेर आले. आमच्या भागात त्याला पायारू म्हणतात, आणि अशा माणसानं चमक भरलेल्या कमरेला पाय लावला की चमक उतरते असं मानतात. म्हणतात लाथ, पण मारायची नसते. पालथ्या झोपलेल्या माणसाच्या कमरेवर डाव्या पायाचा तळवा तीनदा टेकवायचा आणि तेवढा वेळ पायाळूनं एक शब्द बोलायचा नाही. मी पाच-सहा वर्षांची असल्यापासून गल्लीतल्या सगळ्या कमरांना पाय लावत आले. लावून झालं की त्याच बाईच्या पाया पडायचे, कारण मोठ्या माणसाला पाय लागला होता.

हे काम मला आवडायचं, हे कबूल करते. मी अर्जुनीच्या इंग्रजी शाळेत शिकले. तिथे मराठी बोललं की उभं करायचे. आणि घरी मी मराठी बोलले की बायका म्हणायच्या, "पेपरावानी बोलते वो पोरगी." इथलं सगळं मला समजतं, पण तोंडातून निघताना ते धड्यातलं होऊन निघतं. मग मी बोलणंच कमी केलं. शेजारधर्माचं एवढं एकच काम असं होतं की त्यात गप्प राहणं हाच नियम होता.

बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञान शिकवतात. त्यांना हा प्रकार मुळीच पसंत नव्हता. वर्षावासात, पावसाळ्याच्या तीन महिन्यांत, आमच्या बुद्धविहारात रोज संध्याकाळी ग्रंथवाचन होतं. तिथे बाबा कार्यकारणभाव समजावून सांगायचे, बायका मन लावून ऐकायच्या, आणि वाचन संपल्यावर त्यातल्याच दोघी-तिघी आमच्या छपरीत येऊन पालथ्या पडायच्या. बाबा चिडले की काकू म्हणायच्या, "अंधश्रद्धा नोहे हे, गुरुजी. व्यायाम हाये." एकदा बाबांचीच कंबर धरली. पाण्याची मोटर उचलायला गेले होते. दोन दिवस त्यांनी मलम चोळलं. तिसऱ्या दिवशी आई बाजारात गेल्यावर मला हळूच म्हणाले, "जरा इकडे ये. आईला सांगू नको." मी काही विचारलं नाही. तीनदा पाय टेकवला आणि पाया पडले. पुढे दोघांनीही तो विषय काढला नाही.

माझी स्वतःची कंबर गेली ती नागपुरात. एका कंपनीत दिवसभर खुर्चीत बसून काम करायचं होतं. आधी बसल्यावर दुखायचं, मग उठताना, मग शिंकताना. मी कोणाला सांगितलं नाही. मीटिंगमध्ये उभं राहावंसं वाटायचं, पण सगळे बसलेले असताना आपणच उभं कसं राहायचं, म्हणून बसून राहायचे. शेवटी एके दिवशी बसच्या पायरीवर पाय उचलेना, कंडक्टरनं हात देऊन वर ओढलं, आणि घरी कळलं.

डॉक्टरांनी पडद्यावर फोटो दाखवला. शेवटच्या दोन मणक्यांमधली गादी सरकली होती आणि तिचा तुकडा नसेवर बसला होता. गोळ्या झाल्या, व्यायाम झाला, इंजेक्शन झालं. मग ठरलं की दुर्बिणीनं तो तुकडा काढायचा. पाठीला बारीक छेद, त्यातून नळी, भूल फक्त तेवढ्या जागेची. मला जागं राहायचं होतं आणि बोलत राहायचं होतं. नळी नसेजवळ गेली आणि पायात कळ आली तर डॉक्टरांना ताबडतोब कळायला हवं.

"बोलत राहा हं," भूल देणाऱ्या मॅडम म्हणाल्या. "काहीही बोला."

पालथं झोपून, तोंड उशीच्या भोकात घालून, चार अनोळखी माणसांशी काहीही काय बोलायचं असतं? मी म्हटलं, "हो." बराच वेळ झाला. मॅडमनी वाकून पाहिलं. "झोपल्या का?" मी म्हटलं, "नाही." पुन्हा शांतता.

"अहो, असं नका करू. गाणं म्हणा, पाढे म्हणा."

गाणं शक्यच नव्हतं. मग मी कॉलेजला ज्या गाडीनं जायचे तिची स्टेशनं म्हणायला लागले. गोंदिया, हिरडामाली, गोंगले, सौंदड, देवळगाव, बाराभाटी, अर्जुनी. अर्जुनीला उतरून पुन्हा गोंदियाकडे. तिसऱ्या फेरीत सौंदडला पायात वीज गेल्यासारखं झालं आणि मी थांबले. डॉक्टर म्हणाले, "सौंदडला काय झालं?" मी म्हटलं, "दुखलं." त्यांनी नळी थोडी मागे घेतली आणि म्हणाले, "चला, देवळगाव." असा माझा तुकडा निघाला. दुसऱ्या दिवशी मी चालत बाहेर आले.

घरी आल्यावर पंचाईत अशी झाली की दाखवायला काही नव्हतं. आमच्याकडे ऑपरेशन टाक्यांवरून मोजतात. भेटायला आलेली प्रत्येक बाई आधी माझी पाठ बघायची. तिथे एकच टाका, वर बोटाच्या पेराएवढी पट्टी.

"एवढंच?" एकीनं विचारलं. तिचा चेहरा खरोखर पडला. "माज्या पित्ताच्या पिशवीचं पाह्य." तिनं तिथल्या तिथे पोटावरचा पदर बाजूला केला. मग दुसरीनं सिझेरियनचं दाखवलं. पंधरा मिनिटं माझ्या पलंगाभोवती टाक्यांचं प्रदर्शन भरलं आणि त्यात माझा नंबर शेवटचा लागला. बाबा मात्र येणाऱ्या-जाणाऱ्याला दुर्बीण कशी जाते ते इतक्या कौतुकानं समजावायचे की पोस्टमननं विचारलं, ह्यातून चंद्र दिसतो का.

बाबांनी अजून एक केलं. डॉक्टरांच्या सूचना पुठ्ठ्यावर सुंदर अक्षरात लिहून छपरीच्या भिंतीला लावल्या, कारण मी दिवसातून चारदा तिथे फेऱ्या मारायचे. पहिली ओळ होती, वाकू नये. दुसरी, ओझे उचलू नये. तिसरी, जमिनीवर बसू नये. रोवणीवरून परत येणाऱ्या बायका, पायांना गुडघ्यापर्यंत चिखल, पाणी प्यायला थांबायच्या आणि तो पुठ्ठा वाचायच्या. "वाकू नये," एकीनं मोठ्यानं वाचलं. "हे धानाले सांगा, गुरुजी. थ्याले उभ्यानं लावता येत असन तर."

पंधरा दिवसांनी मला विहारापर्यंत चालायची परवानगी मिळाली. खाली बसायचं नसल्यामुळे माझ्यासाठी प्लास्टिकची खुर्ची ठेवायचे. सगळ्या मावश्या-काकू सतरंजीवर आणि मी एकटी वर, अध्यक्षासारखी. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. पण वरून एक गोष्ट दिसायची. कोण कसं बसतं, कोण मध्येच पाय बदलतं, कोण उठताना दुसरीच्या खांद्याचा आधार घेतं. दोन वर्षं दुखणं लपवल्यामुळे दुसऱ्याचं लपवलेलं मला पटकन ओळखू यायचं. काकू वाचन संपेपर्यंत उजवा पाय तीनदा चोळायच्या आणि कोणी पाहिलं की पैंजण सारखं केल्याचं दाखवायच्या.

त्यांनी माझं सगळं काम हातात घेतलं होतं. कोणी कंबर धरून छपरीच्या पायरीवर आलं की त्या त्यांच्या अंगणातूनच ओरडायच्या, "पाय बंद हाये. अजून एकवीस दिवस." दुसऱ्या दिवशी, "वीस दिवस." एका म्हाताऱ्या मामांनी फारच गयावया केली तर म्हणाल्या, "माज्या मांगं नंबर लाव. माजाच पाय लाकडावानी होऊन राहिला, मी काही बोलून राहिली का?"

मी खिडकीतून ऐकत होते. लाकडासारखा. आधी दुखणं, मग मुंग्या, मग लाकूड. त्यानंतरच माझा पाय बसच्या पायरीवर उचलेनासा झाला होता.

त्या दिवशी मी ठरवलं की सांगायचं. संध्याकाळी काकू आईकडे विरजण मागायला आल्या. मी दारापर्यंत गेले. म्हटलं, "काकू." त्या वळल्या, "काय वो बेटा?" त्यांच्या मागे टोळीतल्या दोघी उभ्या होत्या. माझ्या डोक्यात वाक्य तयार होतं, पण ते इंग्रजीत होतं. मराठीत करेपर्यंत काकू म्हणाल्या, "भूक लागली का तुले?" मी म्हटलं, "हो." त्यांनी घरून शिंगाड्याचा शिरा आणून दिला. मी तो खाल्ला. फार चांगला होता आणि त्यामुळे मला अजूनच वाईट वाटलं.

मग आईला सांगून पाहिलं. आई म्हणाली, "रोवणीत सगळ्यांचेच पाय असे होतात. दिवाळीपर्यंत उतरतं." ती खोटं बोलत नव्हती. रोवणीच्या महिन्यात आमच्या गावाची चालच बदलते. दिवसभर चिखलातून पाय उपटून काढायचा, पुढे टाकायचा, पुन्हा उपटायचा. मग सिमेंटच्या रस्त्यावरही बायका तशाच चालतात, गुडघा उंच उचलून, पाऊल आपटत. एकमेकींना हसतात, "चिखल घरी घेऊन आली का?" म्हणून काकू तशा चालायला लागल्या तेव्हा कोणाच्याच मनात काही आलं नाही. मलाही आधी ती रोवणीचीच चाल वाटली. पण इतरांचे दोन्ही गुडघे उंच उचलले जायचे, आणि काकूंचा एकच. उजवा. खिडकीशी पडल्या पडल्या मी चार दिवस ते पाहिलं, आणि चारही दिवस स्वतःला समजावलं की त्यांचा उजवा पाय जास्त दमला असेल.

सहावा हप्ता लागला तेव्हा बाबा मला तपासणीसाठी नागपूरला घेऊन गेले. डॉक्टर खूश होते. व्यायाम शिकवणाऱ्या ताईंनी मला आधी चवड्यांवर चालायला लावलं, मग टाचांवर, पावलं वर उचलून, बदकासारखं. मी खोलीच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत टाचांवर गेले. "छान," त्या म्हणाल्या. "पाऊल उचललं जात नसेल तर टाचांवर चालता येत नाही. मग माणूस गुडघा उंच उचलून चालतो, पाऊल जमिनीला घासू नये म्हणून. तसं दिसलं की आम्ही थांबत नाही, लगेच बोलावतो."

परतीच्या वाटेवर मी गप्प होते. बाबांना त्यात काही वेगळं वाटलं नाही.

रविवारी सहा हप्ते पूर्ण झाले. रोवणी आदल्याच दिवशी आटोपली होती. सकाळी नऊला काकू आल्या, डोक्यावरून आंघोळ केलेली, धुतलेलं लुगडं, बगलेत स्वतःची चटई. मागोमाग अख्खी टोळी. एकीनं भिजवलेले हरभरे आणले होते, एकीनं पोराच्या वाढदिवसाचा उरलेला केक. दोन बाया तर धडधाकट होत्या, नुसत्या बघायला आल्या होत्या. बाबांनी हे पाहिलं, पेपर उचलला आणि मागच्या अंगणात निघून गेले.

"चाल वो डाक्टरीणबाई," काकू चटई अंथरत म्हणाल्या. "आता तर तुया पायात नागपूरची पावर आली असन."

सगळ्या हसल्या. मी दाराच्या चौकटीत उभी होते. बोलायला तोंड उघडलं आणि काहीच निघेना. मग मला जे सुचलं ते मी केलं. छपरीत आले, दोन्ही पावलं वर उचलली आणि टाचांवर चालत त्या टोकापर्यंत गेले. तिथून परत आले.

मग एकीला हसू फुटलं. "हे काय वो? कोंबडी झाली पोरगी." मी त्यांच्याकडे बोट केलं, तुम्ही पण. "आमी?" त्यांना वाटलं हा नागपूरहून आणलेला नवा विधी असेल, लाथेच्या आधीचा. त्या उठल्या. लुगड्याचे काठ हातात धरून, एकमेकींच्या खांद्यावर हात टाकून, चौदा-पंधरा बाया आमच्या छपरीत टाचांवर चालायला लागल्या. एक भिंतीवर आदळली. एक म्हणाली, "सरपंच पाह्यला येईल आता." आई आतून लाटणं घेऊन बाहेर आली आणि तीही दोन पावलं चालली. मला हसू आवरेना. सहा हप्त्यांत मी एवढी हसले नव्हते, आणि हसताना कंबर दुखली नाही, हेही लक्षात आलं.

काकू सगळ्यात शेवटी उठल्या. "सरका, मी दाखवतो कशी चालते कोंबडी." त्यांनी डावं पाऊल वर उचललं. उजवं उचललं नाही. त्यांनी खाली पाहिलं. पुन्हा उचलायचा प्रयत्न केला. गुडघा उंच वर आला, पण पाऊल तसंच खाली लोंबत राहिलं, ओल्या फडक्यासारखं. बायका अजून हसत होत्या. मग एकेक थांबली.

"अंगठा उचल ना वो," टोळीतली एक हळू म्हणाली.

"उचलून तर राहिली," काकू म्हणाल्या.

काकूंनी माझ्याकडे पाहिलं, आणि त्या नजरेवरून मला कळलं की ही गोष्ट त्यांना आजच कळलेली नाही.

"चिखलाचा पाय हाये," त्या म्हणाल्या, नेहमीच्या आवाजात, फक्त थोड्या भरभर. "दोन दिवस घरी बसली का होईल बरा. कायले सगळ्या तोंड पाडून राहिल्या? चाल बेटा, आटप." आणि त्या चटईवर पालथ्या पडल्या, कपाळ हातांवर टेकवून. लुगडं कमरेवर सारखं केलं. बायका मागे सरकून गोल करून उभ्या राहिल्या, नेहमीसारख्या.

मी त्यांच्या कमरेशी उभी राहिले. चप्पल काढली. सवयीनं डावा पाय थोडा उचललाही गेला. तळव्याखाली त्यांची पाठ श्वासाबरोबर वरखाली होत होती. त्या वाट पाहत होत्या. त्या सहा हप्ते वाट पाहत होत्या, आणि मी पाय टेकवला असता तर त्या बरं वाटतंय म्हणाल्या असत्या, उठून घरी गेल्या असत्या आणि आणखी सहा हप्ते थांबल्या असत्या.

मी पाय खाली ठेवला. भिंतीला हात टेकून हळूहळू, पाठ सरळ ठेवून, त्यांच्या कानाशी गुडघ्यांवर बसले. पण बोलले ते कानात नाही. सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले, आणि माझा आवाज मलाच अनोळखी वाटला.

"काकू, उठा. मी पाय लावणार नाही. हा चिखल नाही, तुमची नस दबली आहे, आणि आता एक दिवसही थांबायचं नाही. बाबांना गाडी बोलवायला सांगते. आजच नागपूरला जाऊ, मी तुमच्याजवळ बसते, आणि डॉक्टरांशी मीच बोलते."